चार मऊ बोल्ट

भिवंडीत सव्वीस वर्षं जॉबरचं काम केल्यावर माणसाला दोन गोष्टी मिळतात. एक बहिरेपणा आणि दुसरी, आपल्याला लोखंडातलं सगळं कळतं ही खात्री. बहिरेपणा माझ्या लवकर लक्षात आला. दुसरी गोष्ट किती वाईट आहे हे कळायला घरातली दोन माणसं पणाला लागली, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको.

जॉबर म्हणजे लूमचा, यंत्रमागाचा, मिस्त्री. मी निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत होतो. खाली अठ्ठेचाळीस लूम आणि वर पत्रा. लूम चालू असताना तिथे बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मी हातानं ऐकायला शिकलो. लूमच्या अंगावर तळवा ठेवला की कुठला नट सैल झालाय ते कळायचं. कारागीर लांबून हात वर करायचा, मी जायचो, तळवा ठेवायचो, पाना लावायचो. ह्या हाताचा मला फार माज होता. तो मी लपवला नाही आणि आता लपवून उपयोगही नाही.

मग कारखाना बंद झाला. शेठने लूम भंगारात वजनावर दिले. माझ्या डोळ्यांसमोर बिडाचे सांगाडे घणाने फोडून टेम्पोत भरले. आमच्या गावात, भिवंडीपासून आत, घराला लागून आमची स्वतःची शेड होती. तिच्यातले चार लूमही त्याच महिन्यात गेले. शेड रिकामी झाली आणि मीही. सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न पडायचा. माझं लग्न टिकलं नाही, तो विषय इथे नको. जे काही घर होतं ते भावाचं: तो, त्याची बायको आणि पाच वर्षांची पोरगी.

भाऊ गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. भावजय त्याच गोदामात पॅकिंगला. दोघांची शिफ्ट एक, सकाळी सातची. तो लहानपणापासून गाड्यांचा वेडा. रिकामी शेड बघून त्याच्या डोक्यात किडा वळवळला. मोबाईलवर कुठल्या कुठल्या देशांतली माणसं घरी गाडी बांधताना बघून बघून त्याने ठरवलं की आपणही बांधायची. भंगारातून एक जुनी व्हॅन आणली. तिचं इंजिन, पुढची चाकं आणि स्टिअरिंग काढलं. चौकोनी पाइप कापून, वेल्डिंग करून चासी बनवली. दोन सीट पुढे, एक आडवी फळी मागे. वर छप्पर नाही, दारं नाहीत. पासिंगचं विचाराल तर आतल्या रस्त्याने गावातून गोदामापर्यंत कोण अडवतोय, असं तो म्हणायचा, आणि खरंच कोणी अडवलं नाही. आज वाटतं, कोणीतरी अडवायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात तो मला म्हणाला, "दादा, वेल्डिंग मी बघतो. नट-बोल्ट तुझ्याकडं. त्यात मला काय कळत न्हाय."

हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटते. कित्येक महिन्यांत कोणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

आता बोल्ट कसा निवडायचा, ह्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सगळं तिथेच फिसकटलं. लूमचा सांगाडा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असतो. बीड वाकत नाही, सरळ फुटतं. आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकला की सगळा धक्का कुठेतरी जाऊन बसणार असतो, आणि तो बोल्टात बसावा अशी आम्ही सोय करून ठेवतो. म्हणून लूमला बोल्ट मऊ लोखंडाचा घ्यायचा. तो आधी ताणतो, वाकतो, मग तुटतो, पण बीड वाचतं. दहा मिनिटांत दुसरा बोल्ट टाकला की लूम चालू. कडक बोल्ट टाकणाऱ्या जॉबरच्या नावानं शेठ शंख करायचा, कारण तो बोल्ट टिकायचा आणि त्याच्या बदली सांगाडा जायचा. माझ्या उस्तादाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: बोल्टावर कानस फिरवायची. कानस पटकन लोखंड खायला लागली तर बोल्ट आपला. कानस सरकायला लागली तर तो बाजूला.

मी शेडमध्ये बसून तेच केलं. सव्वीस वर्षांत जमवलेले बोल्ट एका डब्यात होते. एक एक काढला, कानस फिरवली, मऊ तेवढे उजव्या हाताला ठेवले. व्हॅनच्या स्टिअरिंगच्या डब्याला तिचे मूळचे चार बोल्ट आले होते, गंजलेले, डोक्यावर 8.8 असे आकडे उमटवलेले. त्यांच्यावर कानस नीट धरेना. मी ते चारही बोल्ट उचलून कोपऱ्यातल्या भंगारात फेकले. कडक माल, मी भावाला म्हणालो, स्वतः टिकतो आणि सांगाडा फोडतो. त्याने मान डोलावली. त्याच्या जागी मी माझ्या डब्यातले चार लावले, चकचकीत घासून.

स्टिअरिंगचा डबा म्हणजे काय, तर चालवणारा चाक फिरवतो तेव्हा तो जोर पुढच्या दोन चाकांपर्यंत नेणारं यंत्र. ते चासीला त्या चार बोल्टांनी धरलेलं होतं. दुसरं काहीही नव्हतं. ते चार सुटले तर हातातलं चाक नुसतं फिरत राहणार आणि गाडी जिकडे जायचं तिकडे जाणार. हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर मी सगळ्यात चांगले, सगळ्यात मऊ बोल्ट तिथे लावले.

दसऱ्याला गाडी पहिल्यांदा शेडबाहेर आली. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात. लूम होते तेव्हा मी एकेका लूमला हळदकुंकू लावायचो. ह्या वेळी भावजयीने ताट घेतलं. चाकांना लावलं, इंजिनला लावलं, मग खाली वाकून स्टिअरिंगच्या डब्याच्या चार बोल्टांच्या डोक्यांवर एकेक बोट टेकवलं. तिथेच ती थांबली.

"भाऊजी," ती म्हणाली, "ह्यांच्यावर आकडे न्हाईत."

"कसले आकडे?"

"गोदामात रॅक उभी करतात ना, त्या पोरांकडं बघितलंय मी. बिना आकड्याचा बोल्ट आला की बाजूला टाकतात. त्यांचा साहेब बोलतो, आकडा न्हाय तर लावायचा न्हाय. व्हॅनच्या जुन्या बोल्टांवर पण व्हते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गावातली चार माणसं उभी होती, नारळ फोडायचा होता, आणि खोक्यांना टेप चिकटवणारी बाई मला बोल्ट शिकवत होती. मी म्हणालो, "तू पॅकिंग बघ. बोल्ट मी बघतो." जोरात म्हणालो. बहिऱ्या माणसाचा आवाज तसाही मोठा असतो, पण तेव्हा मी मुद्दाम मोठा केला. भाऊ हसला. उरलेल्या गाडीला हळदकुंकू लावून भावजय ताट घेऊन आत गेली.

त्यानंतर त्या घरात बोल्टांचा विषय तिने महिनाभर काढला नाही.

दोघं गाडीने ड्युटीला जायला लागले. रोज पावणेसातला इंजिन सुरू व्हायचं. त्याआधी मी उठून शेडमध्ये असायचो. लूमवर रोज सकाळी सगळे नट आवळायची आमची पद्धत. लूम दिवसभर हादरतो, नट सैल पडतात, सकाळी जॉबर फिरून आवळतो, ह्यात काही नवल नाही. गाडीला मी तेच लावून दिलं. आणि रोज सकाळी त्या चार नटांना पाना लावला की ते थोडे फिरायचे. केसभर, कधी त्याहून थोडे जास्त. मी हात भरेपर्यंत आवळायचो. हात भरणं म्हणजे पान्यातून बोल्ट परत दाबतोय असं वाटणं. ते वाटलं की सोडायचं. मग भावजय येऊन बाजूच्या सीटवर बसायची, पदर खोचायची, आणि दोघं निघायची. आतल्या रस्त्यावरही गोदामांचे कंटेनर असतात. आमच्या वळणावर एक कंटेनर आला तर रस्ता संपतो. त्याच्या शेजारून ती बिनदाराची गाडी जाताना मी बघायचो. मला अभिमान वाटायचा.

दिवाळीनंतर एक गोष्ट माझ्या नजरेला आली. पहिल्या दिवशी नटाच्या बाहेर बोल्टाचे दोन आटे, म्हणजे पेचाचे वेढे, दिसत होते. आता तीन दिसायला लागले. पुढच्या पंधरवड्यात साडेतीन. मी बोटाने मोजले. मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. नट पुढे सरकतोय म्हणजे चासीचा पाइप दबून जागेवर बसतोय, जोड घट्ट होतोय, असा मी हिशोब लावला. भावालाही दाखवलं. "बघ," म्हणालो, "बसतंय." तो खाली वाकून कौतुकाने बघत राहिला. माझा भाऊ चाळिशीचा आहे, पण माझ्याकडे अजून तसाच बघतो.

एकदा भावजय संध्याकाळी ड्युटीवरून आली आणि गाडीतून उतरता उतरता म्हणाली, "वळताना खालून कट-कट वाजतंय."

"मला न्हाय ऐकू आलं," भाऊ म्हणाला.

"तुमचं लक्ष इंजिनवर."

मला तर ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी खाली बसलो, भावाला चाक डावीउजवीकडे फिरवायला सांगितलं आणि डब्यावर तळवा ठेवला. डबा थोडा हलला. थोडासाच. मी पाना घेऊन चारही नट आवळले, परत तळवा ठेवला. हलला नाही.

"झालं," मी तिला म्हणालो. "कानांनी कळत न्हाय ते. हाताला कळतं."

ती माझ्या हाताकडे बघत उभी राहिली. मग पोरीला हाक मारत आत गेली. त्या नजरेचा मला तेव्हा राग आला होता. ती भीती होती, आणि ती मला दिसली नाही.

मग तो रविवार आला. भावजयीच्या माहेरी, वाडा तालुक्याच्या बाजूला, तिच्या भावाच्या नव्या घराची पूजा होती. रोजचा आतला रस्ता नव्हे, तीस किलोमीटरचा मोठा रस्ता, खड्डे आणि दोन्ही बाजूंनी ट्रेलर. भावाला सगळ्या सासुरवाडीला गाडी दाखवायची होती. मी सकाळी लवकर उठलो. लांबचा पल्ला म्हणून नुसत्या पान्यावर भागवलं नाही. पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला, म्हणजे जोर जास्त लागतो, आणि आवळायला सुरुवात केली. तीन नट फिरले आणि बसले. चौथा फिरतच राहिला. हात भरेचना. मी अर्धा फेरा दिला, आणखी अर्धा दिला, पान्यात जीवच येईना.

नट खराब झाला, मी म्हणालो. तो उलटा फिरवून काढायला गेलो तर दोनतीन आट्यांनंतर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी हॅक्सॉने कापून काढला आणि बोल्ट हातोडीने ठोकून बाहेर पाडला. डब्यातून तसाच दुसरा घेतला, कानस फिरवली, मऊ होता, लावला, पाइपने आवळला. काढलेला बोल्ट खिशात टाकला, मापाचे दोन चांगले नट घेऊन येऊ म्हणून. भाऊ तोपर्यंत नवा शर्ट घालून आला होता. भावजय पूजेचं सामान मांडीवर घेऊन बसली. मी हात धुऊन येईपर्यंत गाडी निघून गेली होती.

मी मोटारसायकल काढून भिवंडीत धामणकर नाक्यावर गेलो. तिथे नट-बोल्टचं एक जुनं दुकान आहे, कारखान्यात असल्यापासून मी तिथे जातो. दुकानदार चाचा माझ्यापेक्षा म्हातारा. बाहेर शेअर रिक्षावाले ओरडत होते, एक ट्रक चौकात आडवा पडल्यासारखा वळत होता, नाक्यावरचा नेहमीचा गोंधळ. मी बोल्ट काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, "चाचा, इसके नाप का नट दो. नट खराब निकला."

त्यांनी बोल्ट उचलला. चष्मा वर केला. नखाने आट्यांवरून रेघ ओढली, वरून खाली, परत वरून खाली. मग डबीतला एक नवा नट घेऊन त्यावर फिरवला. तीन आट्यांवर तो अडकला.

"नट तो ठीक ही होगा," ते म्हणाले. "बोल्ट खिंच गया है. ये देखो, बीच में कमर निकल आई."

मी बघितलं. बोल्टाच्या मध्यावर, बोटाला सहज कळेल इतका तो बारीक झाला होता. मी सकाळी तो हातात धरला होता, ठोकून काढला होता, खिशात टाकला होता, आणि ह्या हाताला काही कळलं नव्हतं.

"कहाँ लगाया था?"

"गाडी में. स्टिअरिंग पे."

चाचांचा हात थांबला. "ये लूम का बोल्ट है, भाई. ये तो टूटने के लिए बनता है. कितनी बार कसा?"

"रोज," मी म्हणालो. "रोज सुबह. रोज ढीला मिलता था."

"ढीला नहीं था," ते म्हणाले, मोठ्याने, मी बहिरा आहे हे त्यांना ठाऊक होतं. "नट अपनी जगह पे था. बोल्ट लंबा हो रहा था. तुम कसते गए, वो खिंचता गया."

एवढंच. त्यांनी त्यावर भाषण दिलं नाही. मला उभ्या उभ्या बाहेर आलेले आटे दिसले. दोन, तीन, साडेतीन. मी बोटाने मोजलेले. जोड बसत नव्हता. मी रोज सकाळी उठून, चहाच्याही आधी, माझ्या भावाच्या हातातलं स्टिअरिंग थोडं थोडं तोडत होतो. आणि आज पाइप लावून तोडलं होतं.

मी भावाला फोन लावला. उचलला नाही. त्या गाडीत इंजिनच्या आवाजात फोन ऐकू येणं शक्य नव्हतं. परत लावला. मग भावजयीचा लावला. दोन रिंगमध्ये उचलला गेला आणि माझा जीव भांड्यात पडला, पण मोठ्या केलेल्या स्पीकरवर आवाज पोरीचा होता.

"मोठे पप्पा, आई मामाकडं गेली. फोन मला दिलाय, कार्टून बघायला."

"तू नाय गेलीस?"

"न्हाय. मी बाजूच्या काकीकडं हाय."

पोरगी घरी आहे. त्याही परिस्थितीत देवाला हात जोडले मी, नाक्यावर, भर दुकानात. मग चाचांनी चार बोल्ट काढले, डोक्यावर 8.8 उमटवलेले, चार नट, आणि न मोजता माझ्या शर्टाच्या खिशात कोंबले. "जाओ," ते म्हणाले.

वाड्याचा तो रस्ता मी आयुष्यभर केलेला आहे, पण त्या दिवशीचा विसरणार नाही. दर दोनतीन किलोमीटरवर काहीतरी थांबलेलं दिसायचं. एक ट्रेलर कडेला, मागे माणसं जमलेली. जवळ गेलो तर टायर बदलत होते. पुढे एका पुलाजवळ गर्दी, ती भाजीच्या टेम्पोची. प्रत्येक वेळी मी लांबून गर्दीत निळा रंग शोधायचो, कारण भावाने गाडीला निळा रंग दिला होता, आणि निळा दिसला नाही की पुढच्या गर्दीपर्यंत तेवढाच दम. खड्ड्यांतून मोटारसायकल उडत होती. प्रत्येक खड्डा मला त्या चार बोल्टांवर बसताना दिसत होता. समोरून कंटेनर आला की मी मनात म्हणायचो, ह्याने त्यांना ओलांडलं असेल, हा सरळ आलाय, ह्याच्या अंगावर ओरखडा नाही, म्हणजे तोपर्यंत ती ठीक होती. असं मी किती कंटेनरांच्या तोंडाकडे बघितलं कोण जाणे.

एका वळणाच्या पुढे मला निळा दिसला. रस्त्यावर नाही, खाली, कापणी झालेल्या भाताच्या खाचरात. गाडी बांधावरून उतरून नाक खाली करून उभी होती. पुढची दोन्ही चाकं डावीकडे वळलेली. वर रस्त्यावर ब्रेकचे लांब काळे पट्टे होते, ते भावाच्या गाडीचे नव्हते. एवढे रुंद टायर कंटेनरचेच असतात. पट्टे जिथे थांबले होते तिथून बांध तीन पावलांवर होता.

भाऊ गाडीपाशी उभा होता. कपाळावर खरचटलं होतं, नवा शर्ट मातीने माखलेला. भावजय बांधावर बसली होती. डावा हात मनगटापासून विचित्र दिसत होता आणि तिने तो पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. पूजेचा नारळ खाचरात लांब जाऊन पडला होता. दोघं जिवंत होती. मी मोटारसायकल नीट उभीसुद्धा केली नाही, ती आडवी पडली.

भाऊ मला बघून धावत आला. "दादा, तू कसा आलास? अरे, डबा निघाला. वळलो, आणि चाक हातात नुसतं फिरलं. समोरून कंटेनर. नशीब, गाडी आपसूक खाली आली." त्याला धाप लागली होती, तरी तो हसत होता. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सकाळी तू पाइप लावून आवळलास म्हणून एवढं तरी आलो. नायतर पहिल्याच खड्ड्यात गेलो असतो."

तो मनापासून म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझे उपकार होते. मला एक क्षण वाटलं, राहू दे. रस्ता खराब आहे, सगळ्यांना माहीत आहे. खड्ड्यांवर ढकलून देता येईल. घरी जाऊन गुपचूप नवे बोल्ट लावता येतील. हे माझ्या मनात आलं, खोटं का बोलू. त्याच्यापलीकडे भावजय बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी खिशातून चार बोल्ट काढले आणि तिच्यासमोर हात पुढे केला. डोकी वर, आकडे दिसतील अशी.

"तू बोलली व्हतीस," मी म्हणालो. "तुझं बरोबर व्हतं. मी लावलेले लूमचे व्हते, तुटायचेच. मी रोज आवळून आवळून ते तोडले. रस्त्यानं न्हाय तोडले. मी तोडले."

भावाचा हात माझ्या खांद्यावरून खाली आला. तो गाडीकडे गेला आणि खाली वाकून डब्याच्या रिकाम्या भोकांकडे बघत राहिला.

भावजयीने बोल्टांकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"मला दसऱ्यापासून वाटत व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "म्हणून तर पोरीला एकदा पण बसवली न्हाय मी ह्याच्यात. ह्यांना सांगायची, तिला गाडी लागते, ओकते. ती एस्टीत ओकत न्हाय, रिक्षात ओकत न्हाय. ह्यांच्या कधी डोक्यात आलं न्हाय."

मी देवाला हात जोडले होते. देवाचा काही संबंध नव्हता.

"मग तू कशाला बसायचीस?" मी विचारलं. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. "रोज. दोन महिने."

"तुम्ही दोघं ऐकणार व्हतात का? मी बसली नसती तर हे एकटेच गेले असते." ती हात सावरत थोडी सरकून बसली. "आणि आमचं काय झालंच असतं, तर पोरीला तुम्ही हाव. तिला तुम्ही जपता. तेवढं मला ठाऊक हाय."

वरून एक टेम्पोवाला थांबला, दवाखान्यात सोडतो म्हणाला. आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून रस्त्यावर चढवलं. मी धरायला गेलो तेव्हा तिने हात काढून घेतला नाही.